माझी छन्नी आणि ह्यांची मशीन

लग्न करून मी नागपुरात आले तेव्हा माझ्या बोटांची आग अजून गेली नव्हती. माहेर भिवापूरच्या बाजूचं. तिकडे मिरचीचे देठ खुडायचं काम बायकांचं, आणि लग्नाच्या तोंडावरही मी त्या लाल ढिगासमोर बसलेली होते. सासरी आल्यावर वाटलं, सुटले एकदाची.

सासर दगडाच्या कामातलं. रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची वस्ती. सासूबाई सांगायच्या, दीक्षा घेतल्यावर सासऱ्यांनी गावातली जुनी कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणार नाही असं पाटलाला तोंडावर सांगितलं आणि शहरात येऊन एका पाथरवटाच्या हाताखाली बसले. "हे काम कोनं आपल्या माथी मारलं नाई," त्या म्हणायच्या. "हे आपन निवडलं." माझ्या मालकांना काम सासऱ्यांनीच शिकवलं. अंगणात, फुटपाथवर, ऑफिसांच्या आवारात बसवायचे काळ्या दगडाचे ठोकळे कापायचे आणि बसवायचे, हे ह्यांचं काम. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलायला कमी. दगडावर तळहात फिरवला की तो कुठून फुटेल ते ह्यांना कळायचं.

माझं काम डोक्यावरून ठोकळे वाहायचं. ट्रकमधून उतरवायचे आणि ह्यांच्यापुढे नेऊन ठेवायचे. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला त्याच्याही आधी. दवाखान्यातल्या नर्सबाईने मला विचारलं, काय काम करते. मी सांगितलं. ती म्हणाली, "डोक्यावर ओझं घेत राहशील तर एकही राहणार नाही बाई तुझं." तिने काही रागाने सांगितलं नाही. पुढच्या बाईला हाक मारली आणि माझं झालं.

घरी येऊन मी जेवताना विषय काढला.

"मी दगड कापीन," मी म्हटलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "तू? काहून वं?"

"बसून काम होते. डोक्यावर काई घ्यावं लागत नाई."

"बाया नाई कापत दगड."

"बाया दगड वाहतात. बाया खडी फोडतात. कापल्यानं काय होते मंग?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. तव्यावरची भाकर उलटत त्या म्हणाल्या, "कापू दे तिले. मले नातू पायजे का टोपलं वाहनारी पायजे, ते पाह्य तू."

दुसऱ्या दिवशी कामावर ह्यांनी माझ्या हातात स्वतःचा हातोडा दिला. चार-पाच ठोके मारले आणि मनगट खाली गेलं. छन्नी इतकी जाड की मुठीत नीट धरताच येईना. ठोका बसला की ती फिरायची आणि दगडावर रेघ पडायच्या ऐवजी टवका उडायचा. एक टवका माझ्या भुवईवर लागला. मला वाटलं, आता हे हातोडा काढून घेतील. ह्यांनी माझा हात उलटा करून पाहिला, बोटं मिटवून पाहिली, आपल्या मुठीशेजारी माझी मूठ ठेवली. म्हणाले, "अवजार तुया हातचं नाई. रविवारी लोहाराकडे जाऊ."

लोहाराचं दुकान इतवारीच्या मागच्या गल्लीत होतं. ट्रकच्या स्प्रिंगांच्या मोडक्या पाट्यांचा ढीग दारात पडलेला असायचा, त्याच लोखंडाच्या तो छन्न्या करायचा. ह्यांनी सांगितलं, बारीक छन्नी पाहिजे, लांबी कमी, आणि हातोडा हलका.

"लेकरासाठी पायजे का गा?" लोहाराने विचारलं.

"घरच्यांसाठी."

लोहाराने माझ्याकडे पाहिलं आणि भाता मारणाऱ्या आपल्या भावाकडे पाहून हसला. "बाईची छन्नी मी नाई केली आजवरी. विळा करतो, खुरपं करतो. हे कायले पायजे बाईले?"

"दगड कापाले," हे म्हणाले. "तू कर ना बाप्पा. दगडाले थोडीच समजते, बाई मारून राहिली का मानूस."

तिथे आम्ही बराच वेळ होतो. एकेक पाटा ह्यांनी उचलून दुसऱ्या लोखंडावर आपटून पाहिला. ज्याचा आवाज बद्द यायचा तो बाजूला टाकायचे. ज्याचा खणखणीत आणि लांब यायचा तो माझ्या कानाशी धरायचे. "आइक," म्हणायचे. लोहाराने धार लावून पाणी दिलं. जास्त पाणी दिलं तर धार काचेसारखी तुटते, कमी दिलं तर मेणासारखी वळते, हे ह्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. दोन छन्न्या झाल्या, एक रुंद धारेची आणि एक टोकाची. हातोड्याचा दांडा बाभळीचा. तो मी स्वतः निवडला. तीन दांडे मुठीत धरून पाहिले आणि जो धरल्यावर हातात काही आहे असं वाटलंच नाही, तो घेतला. परतताना मी ती अवजारं पदरात गुंडाळून घेतली होती. लग्नात मला जे मिळालं होतं त्यातलं काही मी असं जपून आणलं नव्हतं.

मी शिकले. आधी गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून रेघ मारायची. मग त्या रेघेवर छन्नी चालवायची, चारी बाजूंनी, सारख्या हाताने, घाई न करता. दगड फिरवत राहायचं. एका वेळी आवाज बदलतो. ठणठण येणारा आवाज आतून पोकळ येऊ लागतो, आणि मग एक ठोका पुरतो. ठोकळा दोन तुकड्यांत असा सरळ वेगळा होतो की आतला निळसर रंग पहिल्यांदा उजेडात येतो. तो रंग पाहायला मला आवडायचं. घटकाभरात तो विटतो.

ठेकेदाराने आधी नाक मुरडलं. मग माझे ठोकळे ह्यांच्या ठोकळ्यांत मिसळून ठेवले तर त्याला वेगळे काढता येईनात. मजुरी मात्र बाईचीच दिली, ती शेवटपर्यंत. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली आणि जगली. सासूबाईंनी तिला पाहिलं, मांडीवर खेळवलं, आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्या गेल्या. ती सगळी वर्षं मला आज एकाच दिवसासारखी आठवतात. उन्हात गोणपाटाचा आडोसा, समोरासमोर आम्ही दोघं, मध्ये दगड, आणि दोन हातोड्यांचा आवाज. ह्यांचा जड, माझा बारीक. कधी कधी तो एका तालात यायचा, मग आम्ही दोघंही तो ताल मोडू नये म्हणून उगाच बोलायचो नाही.

ऐंशी सालाच्या पुढे काम बदललं. राजस्थानातून पॉलिशची फरशी येऊ लागली, सिमेंटचे ठोकळे साच्यातून निघू लागले. लोकांना कडा सुरीने कापल्यासारख्या पाहिजे झाल्या. रामदासपेठेत एका मोठ्या इमारतीच्या आवाराचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. काळे ठोकळे, पण दोन ठोकळ्यांच्या मधली फट दिसायला नको अशी अट. ठेकेदार ह्यांना म्हणाला, "आता छन्नीचं काम कोनी नाई घेत. कटर मशीन आन. तुयाजवळ मशीन असली तर सारं काम तुलेच. नाई तर मले दुसरा मानूस पाहावा लागते."

ह्यांचं मनगट तेव्हा दुखायला लागलंच होतं. सकाळी उठल्यावर उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडायची, चिमटा काढला तरी कळायचं नाही. मी तेल चोळायचे. म्हणून मशीन म्हटल्यावर आम्हा दोघांनाही वाईट वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं. हातांना आराम पडेल असं आम्ही बोललो.

मशीन घ्यायलाही मी बरोबर गेले. सीताबर्डीला मोठं दुकान होतं, काचेच्या दाराचं. दुकानदाराने दोन मशीन दाखवल्या. एक टेबलासारखी, खाली टाकी, वरून पाण्याची नळी, दगड पाण्यातच कापला जायचा. दुसरी हातात धरायची, गोल चाकाची, कोरडी.

"हे पान्याची चांगली आहे," दुकानदार म्हणाला. "धूळ नाही होत. लेकिन वजनी आहे, ठेला लागेल. और लाइन पण मोठी लागेल."

हे त्या पाण्याच्या मशीनभोवती दोनदा फिरले. खाली वाकून तिचे पाय पाहिले. एक बाजू उचलून पाहिली आणि ठेवली. आमची कामं आज इथे, उद्या तिथे. जायचं सायकलवर. जिथे काम तिथे साधी वायर मिळायची, तीही मुकादमाने दिली तर. टेबलाची मशीन घेऊन आम्ही कुठे जाणार होतो?

हातातली मशीन ह्यांनी उचलली, तोलली आणि मला दिली. "धरून पाह्य."

मी धरली. माझ्या हाताला जड होती, पण धरता येत होती.

"हेच घेऊ," हे म्हणाले.

"हाव, हेच घेऊ," मी म्हटलं.

आजही मला तिथे उभं केलं तर दुसरं काही निवडता येईल असं मला दिसत नाही.

रामदासपेठेच्या कामावर पहिल्या दिवशी मशीन सुरू झाली तेव्हा आसपासचे सगळे बघायला आले. ज्या ठोकळ्याला मला अर्धा तास लागायचा तो ह्यांनी बघता बघता कापला. कड अशी की बोट कापेल. आणि त्याबरोबर धूळ. काळ्या दगडाची धूळ काळी असेल असं वाटतं, ती राखाडी असते, गव्हाच्या पिठासारखी मऊ. ह्यांच्या पापण्या, मिशा, कानातले केस सगळं पांढुरकं. दुपारी भाकरीवरही ती बसलेली असायची. घरी आले की मुलगी हसायची. म्हणायची, बाबा चक्कीवरून आले.

मशीन एकच होती आणि ती ह्यांनी चालवायची, म्हणून मी पुन्हा वाहायला लागले. पण ती धूळ मला सोसवेना. सीताबर्डीच्या दुकानातली ती पाण्याची नळी माझ्या डोक्यात होती. मी एक लोटा भरून आणला आणि चाक जिथे दगडाला लागतं तिथे बारीक धार सोडू लागले. धूळ लगेच बसली. पाण्याबरोबर राखाडी चिखल वाहू लागला. हे माझ्याकडे पाहून हसले. दोन दिवस आम्ही तसं काम केलं.

तिसऱ्या दिवशी मी धार सोडली आणि हे ओरडले. ओरडले म्हणजे काय, घशातून एक आवाज निघाला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. हात मशीनला चिकटले होते आणि सुटत नव्हते. मी हात पुढे केला तेव्हा मुकादमाने मला मागे ओढलं आणि धावत जाऊन वायर उपटली. हे मागच्या मागे पडले. मशीन दगडावर पडून फिरत फिरत थांबली. ह्यांचे डोळे उघडे होते. मी नाव घेऊन हाक मारली. एरवी मी कधी नाव घेतलं नव्हतं.

थोड्या वेळाने हे उठून बसले. तळहात भाजले होते. मुकादमाने लोटा उचलून बाजूला ठेवला. तो मला म्हणाला, "बाई, पानी बंद. मरन येईन तुमच्या हातून."

त्यानंतर पाणी नाही. ह्यांनी नाकावर दुपट्टा बांधायला सुरुवात केली. उन्हाळ्यात त्याने गुदमरायचं, मग दुपट्टा गळ्यात यायचा. मी म्हणायचे, वर घ्या. हे वर घ्यायचे. मी दगड ठेवून परत वळेपर्यंत तो पुन्हा गळ्यात असायचा.

खोकला कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. आमच्या वस्तीत खोकणारे खूप होते, कोणी त्याला आजार म्हणायचं नाही. मग हे सायकल चढावर हातात धरून नेऊ लागले. मग सपाट रस्त्यावरही. सरकारी दवाखान्यात टीबी सांगितला, गोळ्या दिल्या. लघवी लाल व्हायची, अंग गळायचं. गोळ्या पूर्ण झाल्या आणि खोकला तसाच.

शेवटी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरकडे गेलो. ज्या आवाराचं काम केलं होतं तिथून दोन गल्ल्यांवर त्यांचा दवाखाना. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "दगडाचं काम करता?"

"हाव."

"मशीनने?"

"हाव साहेब."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "ही टीबी नाही. फुफ्फुसात दगडाची धूळ बसली आहे. ते काम आता बंद करा."

ह्यांनी विचारलं, "बंद केलं तर बरा होईन का मी?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. "आत गेलेली धूळ निघत नाही," ते म्हणाले. "नवीन जाणार नाही, इतकंच."

बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले. मी रस्त्याकडे पाहत उभी राहिले. समोरून रिक्षा जात होत्या, एक बाई मुलाला आइसकांडी घेऊन देत होती. हे म्हणाले, "मले वाटत होतं हात खराब होऊन राह्यला. हात तं बरा आहे." आणि उजवा हात माझ्यासमोर धरून त्यांनी बोटं उघडली, मिटवली. खरंच, छन्नी सुटल्यापासून ती बोटं पांढरी पडणं थांबलं होतं.

ह्यांनी काम बंद केलं. मी माझ्या छन्न्या काढल्या, धार लावून आणली आणि ठेकेदाराकडे गेले. तो चांगला बोलला. खुर्चीवर बसवलं, ह्यांची तब्येत विचारली. मग मी कापून दाखवलेला ठोकळा उचलून त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "मावशी, हे कोन घेईन आता? तुमी मशीन चालवता का? चालवत असान तं काम आहे."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे खाटेवर उशीला टेकून बसलेले, कारण झोपलं की श्वास लागायचा.

"नाई," हे म्हणाले.

"मंग काय करू मी?"

"टोपलं वाह्य. भांडे घास. काई बी कर." मग खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाठ चोळत राहिले. थांबल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "त्या मशीनले हात लावशीन तं मी आतापासूनच मेलो समज."

मी पुन्हा डोक्यावर ओझी घेतली. पंचेचाळिशीच्या आसपास मान वळेनाशी झाली. मुलीची शाळा सुटली, ती बापाजवळ बसायची. हे त्यानंतर दोन पावसाळे जगले. शेवटी शेवटी घास गिळायलाही श्वास पुरायचा नाही. ताटाकडे बघत बसायचे. गेले त्या दिवशी सकाळी मी कामावर जायची साडी नेसत होते. मुलीने हाक मारली. मी पोचले तेव्हा हे बसलेलेच होते, डोकं भिंतीला.

मशीन खाटेखाली पडून होती. तेरवीनंतर माझा चुलत दीर आला. तोही दगडाच्याच कामातला, तोवर छन्नीवर होता. दोन लेकरांचा बाप. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "वहिनी, मशीन पडूनच आहे ना? मले द्या. ठेकेदार म्हणते, मशीन असन तं काम देतो."

मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. फोटो काढून दाखवला. ह्यांचं शेवटचं जेवण सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भावावर त्याचा जीव होता.

"समजते मले वहिनी," तो म्हणाला. "पन मी दुसरं काय करू, ते सांगा."

मी म्हटलं, "मी ते मशीन देनार नाई भाऊ. कोनालेच नाई."

"ठीक आहे," तो म्हणाला. चहा पिऊन गेला. जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या महिन्यातच त्याने नवी घेतली. त्याच दुकानातून, तशीच, हातात धरायची. कॉटन मार्केटकडच्या एका कामावर मी टोपलं घेऊन गेले तर तो तिथेच होता. मला पाहून त्याने मशीन बंद केली आणि गळ्यातला दुपट्टा नाकावर ओढून घेतला. मी ठोकळे त्याच्यापुढे नेऊन ठेवले. त्याने एक उचलला, रेघ पाहिली, आणि मशीन सुरू केली.